साल आणि भुसा

माझ्या सासऱ्यांनी एक गोड पदार्थ न चाखताच वर्ज्य करून टाकला होता. एरवी त्यांना गोडाचं जराही वावडं नाही. मणगणं असलं की वाटी चालत नाही, वाडगा लागतो. चवथीच्या नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा माळ्यावर ठेवला तरी हा ८१ वर्षांचा माणूस स्टूल ओढून तिथवर पोचतो. पण सेरादुरा म्हटलं की हात आडवा.

भांडण पदार्थाशी नव्हतं, नावाशी होतं. सेरादुरा हा पोर्तुगीज शब्द. अर्थ, करवतीखाली पडणारा लाकडाचा भुसा. आमचे बाबा डिचोलीचे मेस्त, म्हणजे सुतार. १९५७ साली, तेराव्या वर्षी, ते पणजीत एका फर्निचरवाल्याकडे कामाला लागले. मालक गोंयकारच, पण गिऱ्हाइकांशी पोर्तुगीजमधून बोलणारा. करवत थांबली की तो आतून ओरडायचा, “सेरादुरा!” म्हणजे पोरा, ये आणि भुसा भर. “पहिली दोन वर्षं रंध्याला हात लावायला मिळाला नाही,” बाबा सांगतात. “नुसता भुसा. शेवटी शेवटी मला वाटायचं, हेच माझं नाव.” पुढे कितीतरी वर्षांनी मडगावला नात्यातल्या एका लग्नात वेटरने त्यांच्यापुढे काचेचा पेला ठेवला आणि पदार्थाचं नाव सांगितलं. बाबांनी चमचा खाली ठेवला. “झाडला तेवढा पुरे. आता खाऊ पण?”

सबंध टेबल हसलं. बाबा हसले नाहीत. मी शेजारीच होते, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

खरं तर मे महिन्यासाठी याहून शहाणा गोड पदार्थ गोव्यात नाही. बेबिंका करायची तर एकेक थर ओतून, वरून विस्तव देऊन, सात थर होईस्तोवर चुलीपुढे उभं राहायचं. मे महिन्यात ते कोण करणार? सेरादुराला विस्तवच लागत नाही. फेटलेलं क्रीम, त्यात कंडेन्स्ड मिल्क, त्यावर मारी बिस्किटांचा बारीक चुरा, पुन्हा क्रीम, पुन्हा चुरा, आणि पेला रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी चुऱ्याचा खालचा थर क्रीम पिऊन मऊ झालेला असतो आणि वरचा कोरडा, भुसभुशीत राहतो. पदार्थ मुळात पोर्तुगीजांचा. मकावमध्येही तो लाडका आहे. आणि ते मारी बिस्किट? १८७४ साली लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने ते काढलं, रशियाची राजकन्या मारिया आणि ड्यूक ऑफ एडिंबरा यांच्या लग्नानिमित्त. म्हणजे राजकन्येच्या नावाचं बिस्किट कुटायचं आणि त्याला भुसा म्हणायचं. ज्या कुणाला हे पहिल्यांदा सुचलं त्याच्याशी माझं चांगलं जमलं असतं.

मी कुडाळची. लग्न होऊन डिचोलीत आले आणि मराठी शाळेत शिकवायला लागले, त्यामुळे मे महिना हा माझा हक्काचा रिकामा महिना. रिकामा म्हणायचं आपलं. पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सगळं याच महिन्यात उरकायचं असतं. अंगणात आमसुलं, मिरच्या, गच्चीवर कोकमाची आगळ मुरत ठेवलेली, आणि पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात दारात. यंदा त्यात भर म्हणजे कुडाळहून भाचा आला, नऊ वर्षांचा. पुण्याहून लेकीने फोनवर एक फोटो पाठवला: चॉकलेटची पातळ लादी, वर काजूबिजू पसरलेले, आणि ती हाताने वेडीवाकडी मोडलेली. चॉकलेट बार्क. “आई, कणीक मळण्यापेक्षा सोपं आहे,” असं ती म्हणाली. भाच्याने फोटो पाहिला आणि त्या दिवसापासून माझी सुटका नव्हती.

नुसतंच चॉकलेट काय करायचं, म्हणून मनात आलं की यात सेरादुरा घालू. क्रीमच्या जागी पांढरं चॉकलेट, वर मारीचा चुरा. संध्याकाळी व्हरांड्यात बसलेल्या बाबांना मी ही योजना सांगितली. बाबा घरात कोकणी बोलतात आणि वाचतात मराठी पेपर, जाहिरातींसकट. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे.

“बार्क म्हणजे कितें गो?”

“झाडाची साल, बाबा. चॉकलेट सालीसारखं मोडायचं म्हणून.”

बाबांनी पेपर मांडीवर ठेवला. “म्हणजे तू सालीवर भुसा घालणार.”

“हो.”

“बाय, ओंडका वखारीत आला की आम्ही पहिली साल काढतो. सालीखाली किडा असतो. साल ठेवली तर लाकूड गेलं. आणि सगळं काम झालं की शेवटी भुसा काढतो.” ते थोडे थांबले. “म्हणजे मेस्त ज्या दोन वस्तू बाहेर टाकतो, त्याच तू ताटात वाढणार.”

मला हे इतकं आवडलं की त्याच रात्री मी सामानाची यादी केली.

पहिला प्रयोग पाण्याने बुडवला. पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्यावर स्टीलचा टोप, टोपात चॉकलेटचे तुकडे. छान वितळत होतं. चमकायलाही लागलं होतं. मी झाकण उचललं आणि झाकणाखाली जमलेल्या वाफेचा एक थेंब आत पडला. एकच. बघता बघता सगळं चॉकलेट घट्ट झालं, दाणेदार, कणकेचा गोळा आटल्यासारखं. ढवळावं तर चमचा उभा राहतो. मी त्यात लोणी घातलं, तर लोणी वेगळं तरंगायला लागलं. नंतर समजलं ते असं की चॉकलेट ही दिसायला ओली पण मुळात कोरडी वस्तू आहे. कोकोचे आणि साखरेचे बारीक कण चरबीत पोहत असतात. थोडंसं पाणी मिळालं की साखर ओली होते, चिकटते, आणि कणाला कण धरून बसतो. गंमत अशी की एक थेंब घात करतो, पण कपभर गरम दूध ओतलं तर तेच पुन्हा सैल होऊन सरसरीत होतं. मी तसंच केलं. भाच्याने तीन दिवस चॉकलेटचं दूध प्यायलं आणि आत्याचा प्रयोग यशस्वी झाला असं आईला फोन करून कळवलं.

दुसऱ्या प्रयोगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. नीट वितळवलं, बटर पेपरवर ओतलं, फ्रीजमध्ये घातलं, कडक झालं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत त्याला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी अंगावर राखाडी पट्टे आणि हाताला चिखल.

तेव्हा लेकीने खरी गोष्ट सांगितली, जी आधी सांगायला हवी होती. चॉकलेटला टेम्पर करावं लागतं. 

कोको बटर, म्हणजे चॉकलेटमधली चरबी, गोठताना सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी गोठू शकते. तीच वस्तू, कणांची रचणी वेगळी. त्यातली पाचवी रचणीच आपल्याला हवी असते. तीच चमकते, टक् आवाज करून मोडते आणि ३३-३४ अंशांना, म्हणजे तोंडात गेल्यावर, विरघळते. बाकीच्या रचण्यांत चॉकलेट मऊ, निस्तेज, बोटाला लागणारं. हे बाबांना सांगितलं तर त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. एकाच ओंडक्याच्या फळ्या असल्या तरी मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून वाळवल्या तर सरळ राहतात, आणि कशाही एकावर एक टाकल्या तर केळीच्या पानासारख्या वळतात. “रचणी चुकली की लाकडाचा दोष नसतो,” ते म्हणाले.

रचणी जमवायची रीत मात्र त्यांच्या धंद्यातली नाही, माझ्या स्वयंपाकघरातली निघाली. डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत तापवायचं, म्हणजे आधीच्या सगळ्या रचण्या मोडतात. मग त्यात न वितळवलेलं, किसलेलं चॉकलेट थोडं थोडं घालत ते २७-२८ पर्यंत उतरवायचं, आणि परत हलकेच ३१-३२ ला आणायचं. ते किसलेलं चॉकलेट कशाला? ते आधीच नीट रचलेलं असतं. त्याला बघून बाकीचं तसंच बसतं. म्हणजे विरजणच की! ताज्या कोमट दुधात कालच्या दह्याचा चमचा घालतो त्यातलाच प्रकार. लेक पुण्यात ‘सीडिंग, सीडिंग’ करत होती, मी मनात विरजण म्हटलं आणि मला सगळं उमगलं. आणि विरजण लावताना दूध किती कोमट हवं हे जसं करंगळीला कळतं, तसं चॉकलेटचं खालच्या ओठाला कळतं. सुरीच्या टोकावर थेंब घेऊन ओठाला लावायचा. किंचित गार लागला की तयार.

ओठावर विसंबायची वेळ माझ्यावर आली कारण घरात थर्मामीटर होता तो तापाचा. तो काखेत धरायचा डिजिटल. चांगला धुऊनबिऊन मी तो चॉकलेटमध्ये बुडवला. ४० दाखवलं, ३७ दाखवलं, ३४ दाखवलं, आणि ऐन मोक्याच्या क्षणी पडद्यावर ‘लो’ अशी अक्षरं उमटली. ३२ च्या खाली तो मोजतच नाही. बरोबरच आहे, ३२ अंशांच्या माणसाला थर्मामीटरची गरज उरत नाही. माझं चॉकलेट मात्र नेमकं तिथे जिवंत होत होतं.

आता खरी अडचण सांगते. चॉकलेट बसायला खोलीत वीस-बावीस अंश हवेत. मे महिन्यात डिचोलीत दिवसा माझ्या ओट्याजवळचं तापमान बत्तीसच्या खाली येत नाही. म्हणजे इथलं स्वयंपाकघर हेच टेम्पर केलेल्या चॉकलेटचं कामाचं तापमान. तयार झालेलं चॉकलेट ओट्यावर ठेवलं तर ते आयुष्यभर तसंच वाट बघत बसेल, कडक होणारच नाही. पहाटे चारला उठूनही बघितलं. तेव्हाही सत्तावीस, आणि हवेत इतकी ओल की पापडही सादळतात. भिंतीलाही घाम. ही वस्तू थंड देशातल्या स्वयंपाकघरासाठी घडलेली आहे हे अंगावर येऊन कळतं. कोकोची झाडं मात्र उष्ण दमट हवेतच वाढतात. आपल्याकडे केरळात, कर्नाटकात ती नारळी-पोफळीच्या सावलीत लावतात. म्हणजे झाड आमच्यासारखं, त्याचं चॉकलेट मात्र आमच्यात राहायला तयार नाही. ओळखीतल्या काही मुलांची आठवण झाली, पण ते असो.

बाजारात यावर उतारा मिळतो. म्हापशाला शुक्रवारी काजू आणायला गेले तेव्हा दुकानदाराने कंपाउंड चॉकलेटची वीट पुढे केली. हे घ्या, टेम्परबिम्पर काही नको, कुठल्याही उन्हात बसतं. बसतं खरं. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. घरी येऊन खाल्लं तर जिभेवर मेणबत्ती. मी ती वीट भाच्याच्या दुधासाठी बाजूला ठेवली.

तिसरा प्रयोग शेवटी झोपायच्या खोलीत मांडला. घरात एसी तिथेच आहे. कपाटासमोर घडीचं टेबल, त्यावर बटर पेपर, दाराखालच्या फटीला ओला पंचा, एसी २० वर. नवरा दारातून डोकावला आणि “ऑपरेशन आहे का?” म्हणून निघून गेला. सगळं जमलं होतं. ओठाला गार लागलं होतं. लादी ओतली, ती कडेने निस्तेज व्हायला लागली, म्हणजे बसायला लागली, आणि वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखे चालतात, एसी चालत नाही. पाऊण तास मी दार न उघडता आत बसून राहिले, चॉकलेटजवळ, आजाऱ्याजवळ बसतात तशी.

त्या रात्री बाबांनी विचारलं, “या टेम्परला मराठीत काय म्हणतात?”

मी म्हटलं शब्द नाही.

“आहे की. पाणी देणं.” लोहार पटाशीला पाणी देतो ते. पातं लाल करायचं, पाण्यात बुडवायचं, मग पुन्हा हळूहळू शेकायचं. पात्यावर वाळक्या गवताचा रंग आला की थांबायचं. पाणी जास्त चढलं तर धार तुटते, कमी पडलं तर धार वळते. “तुझं तेच चाललंय. तापव, निवव, परत जरासं तापव.”

मी म्हटलं, “बाबा, पण माझ्या याला पाणी चालतच नाही. एका थेंबात मरतं.”

यावर ते बराच वेळ हसले. पाणी न देता पाणी द्यायचं, असं काहीतरी पुटपुटत झोपायला गेले.

चौथ्या वेळी मी एक बदल केला, आणि त्याच बदलाने बाबा खोलीत आले.

अडचण अशी होती की सेरादुराची खरी चव कंडेन्स्ड मिल्कची, आणि ते चॉकलेटमध्ये घालता येत नाही. त्यात पाणी असतं. पांढरं चॉकलेट नुसतं गोड लागतं, त्याला आटवलेल्या दुधाचा खमंगपणा नाही. म्हणून मी दुधाची पावडर लोखंडी तव्यावर कोरडीच भाजायला घेतली. अगदी मंद आच, हात न थांबवता. पाच मिनिटं काही होत नाही. मग कडेने बदामी रंग येतो आणि एकदम खव्याचा वास सुटतो.

व्हरांड्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे.

“दूध आटवतेस?”

आमच्या सासूबाई मे महिन्यात दूध आटवायच्या. त्याला आता कोणी हात लावत नाही, आणि त्या जाऊनही सहा वर्षं झाली. मी लग्न होऊन आले तेव्हा मागच्या पडवीत भुशाची शेगडी होती. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. रॉकेलचा पत्र्याचा डबा, त्याला खाली बाजूला एक भोक. डब्याच्या मधोमध एक बाटली उभी ठेवायची, आणि भोकातून एक लाटण्यासारखा दांडा आत सारायचा, बाटलीच्या बुडाला टेकेल असा. मग भोवती भुसा ओतून ठोकून ठोकून भरायचा. पूर्ण भरला की बाटली फिरवत फिरवत अलगद वर काढायची आणि दांडा बाहेर ओढायचा. आत भुशाचाच बोगदा तयार. खालून काडी लावली की तो बोगदा आतून विस्तवाने लाल होतो. ज्वाळा नाही, धूर थोडा, आणि तासन्‌तास एकसारखी आच. भुसा ढिला भरला असेल तर मधेच ढासळतो आणि शेगडी विझते, म्हणून भरायचं काम बाबांचंच. रोज संध्याकाळी कामावरून येताना पोत्यात भुसा आणायचा, सकाळी शेगडी भरून द्यायची, मग चहा. फणसाचा भुसा पिवळाधमक, हळदीसारखा. सागवानाचा तेलकट, पटकन पेटणारा. सासूबाई वासावरून सांगायच्या की हे सध्या कुणाचे दरवाजे करताहेत.

आणि दुधाला त्या शेगडीसारखा विस्तव नाही, असं त्यांचं म्हणणं. खाली न लागता दूध आटतं, साय कडेला घेत राहायचं. निम्म्याच्याही खाली आलं की साखर, मग पूर्ण गार झाल्यावर मानकुराद आंब्याच्या फोडी. बाबा ते वाडग्याने खायचे. गॅस आला, वखारीतला भुसा विकला जायला लागला, आणि शेगडीचा डबा पावसात गंजून गेला.

म्हणजे भुसा आणि आटीव दूध यांची या घरात भेट आधीच झालेली होती. मला हे त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं, आणि बाबांना सुचलं असेल तर ते काही बोलले नाहीत. ते तव्यात बघत म्हणाले, “जरा आणखी. तिच्या दुधाला याहून गडद रंग असायचा.” आणि स्टूल ओढून बसले.

म्हणून पावडर आणखी दोन मिनिटं भाजली. त्यांचंच बरोबर होतं.

पुढचं काम दोघांनी केलं. मारीची दहा बिस्किटं मी मिक्सरमधून काढणार होते, तर बाबांनी ती मागून घेतली. पोळपाटावर घेऊन लाटण्याने चिरडली, आणि तीन वाटण्या केल्या: पिठासारखा बारीक, रव्यासारखा, आणि जाडसर. “करवतीचा, रंध्याचा आणि वाकसाचा,” असं वर्गीकरणही केलं. रंध्याला भुसा पडत नाही, ढलप्या पडतात, हे मला माहीत आहे. पण त्या वेळी मी गप्प बसले. चुरा तव्यावर कोरडाच गरम करून घेतला, म्हणजे हवेने सादळलेला मऊपणा गेला. म्हापशाचे सालीसकट भाजलेले काजू होते. ते हाताने दुभागले, तपकिरी साल तशीच ठेवली. सालीचा मान राखायचाच तर सगळीकडे राखावा.

एसीच्या खोलीत बाबा स्वेटर घालून आले, मे महिन्यात. दीडशे ग्रॅम डार्क चॉकलेट. पुण्याहून आलेला स्वयंपाकाचा थर्मामीटर एव्हाना हातात होता, तरी मी ओठालाही लावून बघितलं. ३१. बटर पेपरवर पातळ पसरलं. आता इथे घाई करून चालत नाही आणि उशीरही चालत नाही. खालचा थर पुरता कडक झाला की वरचा त्याला धरत नाही, मोडताना दोन्ही सुटे होतात. बाबांनी तर्जनी टेकवली. “अजून ओला.” दोन मिनिटांनी पुन्हा. “अजून.” पॉलिशचे हात देताना ते हेच करायचे, आधीचा हात बोटाला चिकटत नाही पण गार लागतो, तेव्हा दुसरा द्यायचा. “आता घाल.”

तीनशे ग्रॅम पांढरं चॉकलेट. ते जास्त नाजूक. २८-२९ च्या वर गेलं की केलेलं सगळं वाया. त्यात भाजलेली दूधपावडर कालवली होती, त्यामुळे रंग पांढरा न राहता नव्या पोफळीच्या सोपासारखा झाला होता. ते ओतलं, आणि वरून बाबांनी चुरा पेरला. पेरला हाच शब्द. आधी जाडसर, मग मधला, आणि शेवटी बारीक, चिमटीतून, अंगणात रांगोळी घालतात तसा. मी काजू टोचले, मिठाचे चार खडे चुरडून टाकले. भाच्याला आत येऊ दिलं नाही, तो दाराबाहेर दर मिनिटाला “झालं?” विचारत होता. नाव काय पदार्थाचं, तेही विचारत होता. 

वीज राहिली. एवढंच म्हणते.

तासाभराने लादी कागदापासून आपोआप सुटली. बसलेलं चॉकलेट किंचित आक्रसतं, म्हणून ते सुटतं. न सुटणं हीच फसल्याची खूण. पाठ आरशासारखी. बाबांनी ती दोन्ही हातांवर तोलली, कानाजवळ नेली आणि बोटाच्या पेराने ठोकली. फळी वाळली की नाही ते तसंच बघतात. ओल्या फळीचा आवाज बसका येतो.

“वाळलं.”

मग त्यांनी ती उलटसुलट केली. लाकूड मोडायच्या, चिरायच्या आधी रेषा बघायची असते. रेषेच्या बाजूने गेलं तर लाकूड वाट देतं. “हिला रेषाच नाही गो. ही कशीही मोडणार.” आणि मोडली. टक्. दुसऱ्या खोलीत ऐकू जाईल असा आवाज. एक लांबट तुकडा, एक त्रिकोणी, एक पणजीच्या नकाशासारखा. ढलप्या. बार्कला मराठीत काय म्हणायचं हे लेकीने विचारलं तर मी ढलपी सांगणार आहे.

त्रिकोणी तुकडा त्यांनी तोंडात टाकला. चावला नाही, नुसता धरून ठेवला. डार्कचा कडूपणा आधी, मग तो विरघळून मागून दूध, आणि शेवटी दातांखाली करकरणारा चुरा, हे मला नंतर माझ्या तुकड्यावरून कळलं. त्यांनी काही सांगितलं नाही. एसीच्या गार हवेत स्वेटर घालून, डोळे मिटून ते बसून राहिले. मग म्हणाले, “आंबा हवा होता.”

“मानकुराद आहेत बाबा. कापू?”

“काप.”

मी उठणार तोच त्यांनी लांबट तुकडा उचलला, डोळ्यांजवळ नेला, एक डोळा बारीक करून त्याची कड बघितली. कड बघितली की पुढे काय करायचं हे त्या हातांना आणि त्या ओठांना सत्तर वर्षं पाठ आहे. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि कडेवरून एक लांब फुंकर मारली.

करवतीचा, रंध्याचा आणि वाकसाचा, सगळा चुरा एकदम उडाला. टेबलावर, चादरीवर, माझ्या चष्म्यावर. मी तशीच उभी. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग चादरीकडे, मग बंद दाराकडे बघून मोठ्याने हाक मारली.

“सेरादुरा!”

दार धाडकन उघडलं आणि भाचा आत धावला, दोन्ही हात पुढे करून.